जुना छोटा ट्रॅक्टर : बॅटरी आणि क्लच
तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी झाली की छोट्या ट्रॅक्टरला उसंत नसते. फवारणीचा ब्लोअर त्याच्याच पीटीओवर चालतो. किल्ली फिरवली आणि नुसता ‘टक्’ आवाज आला, तर लगेच स्टार्टर खोलू नका. आधी बॅटरीची टर्मिनल्स बघा. पांढरा-हिरवट थर साचला असेल तर निगेटिव्ह वायर आधी सोडा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं टर्मिनल्स पुसा, कोरडी करून घट्ट आवळा. चासीवरचा अर्थिंगचा बोल्टही खरवडून घ्या; तिथला गंज फार छळतो. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते.

क्लचचं दुखणं जास्त खर्चिक. कोरेगाव-कराडकडे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. मग पेडल दाबूनही गिअर पडत नाही. म्हणून ट्रॅक्टर बरेच दिवस उभा ठेवताना पेडल दाबून लाकडी टेकू लावा. उलट, इंजिन पळतंय पण ट्रॅक्टर ओढत नाही, तर आधी पेडलचा फ्री प्ले तपासा. तो बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर बहुधा प्लेट झिजली आहे किंवा तिला तेल लागलंय. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल येत असेल तर आधी सील बदलून घ्या. नाहीतर नवी प्लेटही भिजेल.