वितळता बर्फ, निसरडा कायदा



गोदाकाठच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा उत्तर ध्रुवाशी काय संबंध, असे या शहरात कोणी विचारले तर ते गैर नाही. परंतु संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे स्वालबार्ड बेटांविषयी करार झाला. सार्वभौमत्व नॉर्वेला मिळाले. मात्र करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तेथे मासेमारी व खाणकामाचा समान हक्क राहिला आणि बेटांचा युद्धासाठी वापर निषिद्ध ठरला. पारतंत्र्यातील हिंदुस्थानसाठी सही ब्रिटिशांनी केली. तो वारसा स्वतंत्र भारताकडे आला. २००८ साली तेथेच ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथून चालतो. ध्रुवीय बर्फ आणि मोसमी पाऊस यांचे नाते शोधणे हा भारताच्या २०२२ च्या आर्क्टिक धोरणाचा एक हेतू आहे. ज्याचे सारे वर्ष पावसावर तरते, त्या मराठवाड्याला हा विषय परका कसा?

आता कायद्याचा पेच पाहा. १९८२ च्या सागरी कायदा कराराचे २३४ वे कलम बर्फाच्छादित समुद्रात प्रदूषण रोखण्यासाठी किनारी राष्ट्रांना जादा अधिकार देते. पण वर्षाचा बहुतेक काळ तेथे बर्फ असला पाहिजे. याच कलमाचा आधार घेऊन रशिया आपल्या उत्तर सागरी मार्गावर जहाजांना परवान्याची सक्ती करतो. बर्फ वितळला की या अधिकाराचा पायाच वितळतो. सत्ता मात्र आपण होऊन अधिकार सोडत नाही. उलट, मुक्त संचाराचा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेने हा करार आजवर स्वीकारलेलाच नाही. एक कायद्याचा अर्थ ताणतो, दुसरा कायद्याबाहेर उभा राहून कायदा शिकवतो.

हा वाद मांडावा कोठे? आर्क्टिक परिषदेने १९९६ च्या स्थापनेच्या वेळीच लष्करी सुरक्षेचा प्रश्न कक्षेबाहेर ठेवला. परिषदेत इन्युइट, सामी आदी मूळनिवासींना स्थान आहे. पाणबुड्यांविषयी बोलण्याची मात्र तेथे कोणालाच मुभा नाही.

तरीही शहाणपण अशक्य नाही. मध्य आर्क्टिक महासागरात व्यापारी मासेमारी सुरू होण्यापूर्वीच तिला सोळा वर्षे मनाई करणारा करार २०१८ मध्ये झाला, २०२१ मध्ये अमलात आला. रशिया, अमेरिका, चीन त्यात आहेत; भारत नाही.

२०१३ पासून परिषदेत निरीक्षक असलेल्या भारताने त्या करारात प्रवेश मागावा, स्वालबार्डच्या निःशस्त्रतेचा आग्रह धरावा, आणि मॉस्को व वॉशिंग्टन यांना एकच माप लावावे. दुबळ्या राष्ट्रांना कायद्याखेरीज दुसरा पहारेकरी नसतो.