झेंडू, साखर आणि अठरावा रस्ता

श्रोतेहो, शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ ची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. माझा भाचा त्या शहरात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, ‘‘मामू, आज तुम्हाला मेक्सिकन लोकांच्या मोहल्ल्यात नेतो.’’

मोहल्ल्याचं नाव पिल्सेन. हे नाव एकोणिसाव्या शतकात आलेल्या चेक कामगारांनी आपल्या मुलखातल्या शहराच्या आठवणीनं ठेवलेलं. पुढं १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या बांधकामासाठी जवळची एक वस्ती पाडली गेली आणि तिथली मेक्सिकन कुटुंबं इथं आली. अठराव्या रस्त्याच्या रेल्वे स्टेशनवर उतरलो, तर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा रंगवलेल्या!

आधी पोटोबा. तिथं डुकराचं मांस फार, म्हणून भाच्यानं नीट विचारून घेवड्याची उसळ आणि काटे काढलेल्या फड्या निवडुंगाची भाजी मागवली. सोबत टॉर्टिया, म्हणजे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली पातळ भाकरीच. मका, मिरची, टोमॅटो मूळचे तिकडचेच. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. कॉफीसाठी साखर मागितली, तर वाढणारी मुलगी म्हणाली, ‘‘आसुकार?’’ मी चमकलो. आपली शर्करा फारसीतून अरबीत गेली, अरबांबरोबर स्पेनला पोचली आणि तिथून समुद्र ओलांडून मेक्सिकोत.

मुलगी गप्पिष्ट होती. म्हणाली, ‘‘मी इथंच जन्मले. तरी लोक विचारतात, मूळची कुठली?’’

मला हसू आलं. कविसंमेलनात कविता संपली की कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, ‘‘मुसलमान असून मराठी किती छान बोलता!’’ माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, हे दर वेळी कुणाकुणाला सांगत बसणार?

जेवून मेक्सिकन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. काही शिक्षकांनी १९८२ साली ही संस्था उभी केली आणि १९८७ मध्ये तिचं दार उघडलं. प्रवेश मोफत. दर वर्षी या दिवसांत तिथं मृतांच्या सणाचं प्रदर्शन असतं. गेलेल्या माणसाचा फोटो, पाणी, मीठ, पाव, त्याच्या आवडीचं खाणं आणि सगळीकडे झेंडू! आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. मला बड्या रातीला आजोबांच्या नावानं फातेहा देणारी, हलवा करणारी आई आठवली. रीत वेगळी, धर्म वेगळा. पण गेलेल्यांसाठी ताट वाढणारे हात मला ओळखीचे वाटले.

परतताना भाच्यानं एक भिंत दाखवली. कासा आस्त्लान हे तिथलं जुनं समाजकेंद्र. १९७० च्या दशकात रे पॅटलान यांनी तिथं आपल्या लोकांची चित्रं रंगवली होती. पुढं इमारत विकली गेली आणि २०१७ मध्ये नव्या मालकानं चित्रांवर रंग फासला. लोक संतापले. अखेर त्याच चित्रकाराला बोलावून, त्याच वर्षी भिंतीवर नवं चित्र काढून घेतलं गेलं. मी म्हणालो, ‘‘वा, जिंकले की!’’ भाचा म्हणाला, ‘‘मामू, भिंत जिंकली. आता इथं रंगीत भिंती बघायला लोक येतात, तशी भाडी वाढतात. ज्यांनी त्या रंगवल्या, त्यांच्यातल्या कित्येकांना ती परवडत नाहीत. ते मोहल्ला सोडून जातात.’’

मी बराच वेळ भिंतीपुढं उभा होतो. चित्र आवडणं सोपं असतं, श्रोतेहो. चित्रातल्या माणसाला शेजारी ठेवून घेणं अवघड.

दुपारी हॉटेलातून निघताना त्या मुलीला मी म्हणालो होतो, ‘‘पुन्हा येईन तेव्हा इथंच भेट.’’ ती म्हणाली होती, ‘‘ओखाला!’’ भाच्यानं अर्थ सांगितला, ‘तसं होवो.’ या स्पॅनिश शब्दात अरबीतला ‘अल्लाह’ दडलेला आहे. तिला ते ठाऊक नसावं. मी मात्र मनात ‘आमीन’ म्हणालो.