मोठा स्पीकर की अनेक स्पीकर?



शाळेच्या वाद्यवृंदात आता इलेक्ट्रिक गिटार आली आहे आणि तिच्यासाठी ॲम्प्लिफायर घेण्याचा विचार चालू आहे. स्पीकर जितका मोठा, तितका आवाज भरदार, असे बहुतेकांचे मत दिसते. डग्ग्याचे तोंड तबल्याहून मोठे आणि तो खर्जात बोलतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो; तेव्हा हा तर्क स्वाभाविक आहे. मात्र तो अर्धाच खरा आहे.

मोठा पडदा अधिक हवा हलवतो, हे खरे. परंतु वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण याच शाळेच्या फळ्यावर शिकलो. १५ इंची एका स्पीकरचा वर्ग २२५. १० इंची चारांची बेरीज ४००! अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५० च्या दशकात आपल्या ‘बासमन’ ॲम्प्लिफायरमध्ये नेमका हाच बदल केला. तो होता बेस गिटारसाठी, पण साध्या गिटारच्या वादकांनीच त्याला डोक्यावर घेतले. जवळजवळ बसवलेले स्पीकर खर्जाच्या स्वरांत एकमेकांना साथ देतात. स्पीकर दुप्पट केले, तर तेवढ्याच विद्युत्शक्तीत खर्ज सुमारे ३ डेसिबलने वाढू शकतो.

१९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात याच बासमनच्या सर्किटवरून नवा ॲम्प्लिफायर तयार झाला. त्याच्या जोडीला आलेली पेटी मात्र निराळी होती: १२ इंची चार स्पीकर आणि मागची बाजू बंद. फेंडरची पेटी मागून उघडी असे. उघड्या पेटीतून मागे जाणारी लहर पुढच्या लहरीचा खर्ज काही अंशी खोडते आणि आवाज खोलीभर पसरतो. बंद पेटीचा आवाज घट्ट होऊन समोर धावतो. नाद घडवण्यात स्पीकरच्या मापाइतकाच या लाकडी पेटीचाही वाटा असतो.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी गोष्ट. १००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे १२ इंची स्पीकरच्या व्यासाहून थोडीच जास्त. त्याहून उंच स्वर जसजसे चढत जातात, तसतसे ते विजेरीच्या झोतासारखे सरळ समोर जाऊ लागतात. पेटी जमिनीवर आणि वादक तिच्या शेजारी उभा. झोत त्याच्या गुडघ्याजवळून निघून जातो. त्याला वाटते, धार कमी आहे, म्हणून तो ‘ट्रेबल’ची कळ चढवतो. ती सारी धार पडते पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या बालवर्गाच्या कानांवर! चार स्पीकर एकावर एक रचले म्हणजे हा दोष जात नाही. उलट उंच स्वर कुठे दाटतात, कुठे हरवतात.

आपल्या सभागृहाला १० किंवा १२ इंची एकच स्पीकर पुरेल, असे माझे मत आहे. पेटी खुर्चीवर ठेवून किंचित मागे कलती करावी, म्हणजे झोत वादकाच्या कानाकडे वळेल आणि मुलांच्या डोक्यांवरून जाईल. आवाज ठरवताना संगीतशिक्षकांनी मंचावर उभे न राहता बालवर्गाच्या जागी बसून ऐकावे. स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीलाच हे करता येईल.