साहेबाचा करार आणि शिपायाची चाकरी

मी जबलपूरहून बोलतोय. इथल्या हायकोर्टात मी वकिली करतो, आणि ती बहुतेक सर्व्हिस मॅटरची. म्हणजे कोणाची बढती अडली, कोणाची पेन्शन थांबली, कोणाला काढून टाकलं, असले खटले. माझे आजोबा इंग्रजी अमदानीत पोलीस कप्तानाच्या कचेरीत कारकून होते. त्यामुळे आजचा विषय माझ्या घरचाही आहे आणि धंद्याचाही: आपल्या जिल्ह्यांतून हुकूम चालवणारा गोरा पोलीस अधिकारी नोकरीला लागायचा तो कोणत्या अटींवर?

जबलपूर आणि पोलीस म्हटलं की सगळ्यांना स्लीमन आठवतो. ठगांचा बंदोबस्त करणारा. इथून कटनीकडे जाताना स्लीमनाबाद लागतं, ते त्याच्याच नावाचं. पण स्लीमन पोलीस नव्हता. तो कंपनीच्या फौजेतला माणूस, मुलकी कामावर घेतलेला. आज आपण जे पोलीसखातं बघतो, त्याचा पाया 1861 च्या पोलीस कायद्याने घातला. योगायोग असा की आमचा मध्यप्रांत, म्हणजे नागपूर आणि जबलपूर एकत्र असलेला, तोही 1861 मध्येच तयार झाला.

हा कायदा मी वकील म्हणून शेकडो वेळा चाळलाय. कलम 7 काढा. कनिष्ठ पोलिसाला वरचा अधिकारी एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड करू शकतो, पंधरा दिवसांपर्यंत लाइनीत अडकवून ठेवू शकतो, वर शिक्षेची ड्रिल. कलम 9 : परवानगी नसेल तर दोन महिन्यांची लेखी नोटीस दिल्याशिवाय राजीनामा नाही. कलम 22 : पोलीस नेहमीच कामावर आहे असं समजावं. कलम 29 : कामात कसूर झाली तर तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. नोकरी न सांगता सोडली तर तुरुंग! गिरणीतल्या मजुराला मालक काढून टाकेल, पण त्याला कैदेत घालणार नाही.

ही झाली शिपायाची चाकरी. साहेबाचं काय?

साहेबाची भरती 1893 पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षेने होऊ लागली. वय साधारण एकोणीस-वीस. आयसीएसची परीक्षा फार कठीण, त्याआधी विद्यापीठाचा खर्च. ज्या मध्यमवर्गीय बापाला तो झेपत नव्हता, त्याच्या मुलासाठी पोलीसखातं ही बरी वाट होती. या परीक्षेला बसायची पहिली अट होती युरोपीय वंश. हिंदी मुलगा आयसीएसला बसू शकत होता, पण लंडनच्या पोलीस परीक्षेला 1920 च्या आसपासपर्यंत नाही. कलेक्टर हिंदी चालेल, कप्तान गोराच हवा! पुढे 1902-03 चा पोलीस आयोग आला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर, आपल्याच मध्यप्रांतात उमेदवारी केलेले. त्यांनी हिंदी लोकांसाठी डेप्युटी सुपरिंटेंडेंट ही नवी पायरी सुचवली, आणि शिपायाला महिना निदान 8 रुपये द्यावेत असंही म्हटलं. निदान आठ. त्यावरून आधी काय परिस्थिती असेल याचा अंदाज करा.

साहेब नोकरीला लागला की त्याच्यावरही बंधनं असत. घोडेस्वारी आलीच पाहिजे. प्रांताची भाषा आली पाहिजे. आमच्या प्रांतात हिंदी आणि मराठी अशा दोन. आजोबा सांगायचे, साहेब लोक हिंदी रेटून न्यायचे, पण मराठीतली अर्जी आली की कारकुनाला हाक.

नोकरीच्या शर्ती सगळ्यात जास्त सुधारल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. 1919 च्या सुधारणांनी हिंदी मंत्री आले, तेव्हा गोरे अधिकारी बिथरले. ज्यांना नव्या राज्यात राहायचं नाही, त्यांना झालेल्या नोकरीच्या प्रमाणात पेन्शन घेऊन लवकर घरी जायची मुभा मिळाली. ते साल आमच्या गावाच्याही लक्षात आहे. 1923 मध्ये इथल्या टाउन हॉलवर काँग्रेसचा झेंडा लावण्यावरून झेंडा सत्याग्रह पेटला आणि पुढे नागपूरला गेला. रस्त्यावर लोकांसमोर उभा असलेला शिपाई हिंदी होता. त्याला प्रमाणशीर पेन्शनचा पर्याय कोणी दिला नव्हता.

त्याच सुमाराला ली कमिशन बसलं, 1924 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात गोऱ्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या बायकोला नोकरीच्या काळात विलायतेचा बोटीचा प्रवास सरकारी खर्चाने मिळू लागला, मुलांसाठीही तिकीट. याशिवाय होता ओव्हरसीज पे. ज्याचं मूळ घर आशियाबाहेर, त्याला मूळ पगाराच्या वर हा जादा पैसा. आता न्याय करायचा तर हेही सांगायला हवं, की त्या माणसाची मुलं सहा-सात वर्षांची झाली की शिकायला हजारो मैल दूर जायची आणि वर्षानुवर्षं भेटायची नाहीत. मलेरिया साहेबालाही सोडत नसे. जादा पैशाला कारण होतं. पण चांद्याचा शिपाई सागरला पाठवला, तर त्याचंही घर दूरच पडायचं की!

खरी गंमत पुढे झाली. याच ली कमिशनने ठरवलं की वरच्या पोलीससेवेत हळूहळू निम्मे हिंदी अधिकारी आणायचे. आमच्या प्रांतातलं ठळक नाव म्हणजे के. एफ. रुस्तमजी. जन्म 1916, नागपूरजवळच्या कामठीचा. 1938 मध्ये ते इंडियन पोलीसमध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात आले. पुढे सीमा सुरक्षा दल उभं करणारे तेच. तर अशा हिंदी अधिकाऱ्याची खुर्ची तीच, वर्दी तीच, जबाबदारी तीच. पण ओव्हरसीज पे नाही, कारण घर कामठीला!

मग 1935 चा कायदा. कायद्याचा माणूस म्हणून मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1937 मध्ये प्रांतात आपलं मंत्रिमंडळ आलं, नागपूरला डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला प्रीमियर म्हणत. पोलीसखातं आपल्या मंत्र्याच्या हाताखाली आलं. पण इंडियन पोलीसचा अधिकारी नेमणार कोण? लंडनमधला भारतमंत्री. त्याला काढणार कोण? ज्याने नेमलं तोच. त्याच्या बढतीबाबत गव्हर्नर स्वतःच्या विवेकाने ठरवणार. आणि त्याचा पगार? तो प्रांताच्या तिजोरीतून, पण विधानसभेच्या मताला टाकायचाच नाही. म्हणजे पैसा नागपूरचा, बोलायचा हक्क लंडनचा. मंत्री नाराज झाला तरी साहेबाच्या एका रुपयाला हात लागत नव्हता.

आजोबा याच काळात कचेरीत होते. शिपायांचे सर्व्हिस रोल त्यांच्या कपाटात असत : दंड, जादा ड्रिल, रजा नामंजूर, सगळं लाल शाईत. साहेबाचे कागद तिथे नसत. गॅझेटेड अधिकाऱ्याच्या नोकरीचा हिशेब नागपूरला अकाउंटंट जनरलकडे. आजोबा म्हणायचे, "बारा वर्षं साहेबाच्या दाराशी बसलो, पण साहेबाचा पगार किती हे मला कधी कागदावर दिसलं नाही. माझा पगार मात्र त्याला तोंडपाठ."

1947 आलं. जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना करिअर मोडल्याबद्दल ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली. जे हिंदी अधिकारी राहिले, त्यांचं काय? इथे सरदार पटेल उभे राहिले. ऑक्टोबर 1949 मध्ये घटना समितीत त्यांनी या सेवांची बाजू जोरात मांडली : यांच्या भरवशावर देश चालतोय, दिलेला शब्द पाळला पाहिजे. घटनेत कलम 314 आलं. भारतमंत्र्याने नेमलेले जे अधिकारी नोकरीत राहिले, त्यांचा पगार, रजा, पेन्शन पूर्वीच्याच शर्तींवर. मला पटेलांचं म्हणणं पटतं. करार हा करार असतो. हे कलम 1972 च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने गेलं, आणि साहेबाच्या कराराची शेवटची खूण पुसली गेली.

शिपायाच्या कलमांचं काय झालं? आमच्या मध्यप्रदेशात 1861 चाच कायदा चालू आहे. तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर हसू नका : तुमच्या 1951 च्या पोलीस कायद्याचं कलम 28 काढा. पोलीस नेहमीच कामावर आहे असं समजावं. तेच वाक्य.

काही वर्षांपूर्वी एक शिपाई माझ्याकडे आला. आई वारली. सणाचा बंदोबस्त होता, रजा नामंजूर. तो न सांगता गावी गेला, तेरावं करूनच परतला. गैरहजर म्हणून बडतर्फ. सरकारी वकिलांनी सांगितलं, "कलम 22, माय लॉर्ड, पोलीस चोवीस तास कामावर." मी म्हटलं, मग चोवीस तासांचा पगार द्या. कोर्टात थोडं हसू झालं, पण हसण्यावर निकाल लागत नाही. आम्ही जिंकलो ते शिक्षा फार जड आहे या एका मुद्द्यावर. नोकरी परत मिळाली. मधल्या चार वर्षांचा पगार नाही.

निकालाची प्रत घ्यायला तो आला तेव्हा मी विचारलं, आता कुठे पोस्टिंग? म्हणाला, लाइनीतच. आणि घड्याळ बघत निघाला, कारण सहाच्या हजेरीला पोचायचं होतं.