पुतळ्याची मागची बाजू



संग्रहालयांत काम करणारे, कलेवर लिहिणारे आणि शिल्पं घडवणारे असे आपण सगळे आज रावेतला जमलो आहोत, याचा मला मनापासून आनंद आहे. अशी संमेलनं एरवी मुंबईत काळा घोड्याच्या आसपास भरतात, फार तर पुण्यात. सकाळी येताना मी पवनेच्या बंधाऱ्यापाशी थोडा वेळ थांबलो. इथून उचललेलं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. आणि इथून भोसरी, चाकणपर्यंतच्या पट्ट्यात धातू वितळवून साच्यात ओतणं हे कितीतरी घरांचं पोटापाण्याचं काम आहे. शिल्पाबद्दल बोलायला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

आज मला बोलायचं आहे ते आधुनिक शिल्पकारांच्या संग्रहालयांतल्या प्रदर्शनांबद्दल, आणि त्याहून जास्त त्या प्रदर्शनांच्या कॅटलॉगबद्दल. सूची, स्मरणिका, परिचयपुस्तिका असे शब्द आपल्याकडे आहेत, पण कॅटलॉग म्हटलं की सगळ्यांना कळतं, म्हणून तोच ठेवतो.

चित्राचं प्रदर्शन संपलं तरी चित्र छापता येतं, आणि छापलेल्या चित्रात मूळ चित्राचा बराच भाग उरतो. शिल्पाचं तसं नाही. शिल्पाभोवती फिरावं लागतं. ते हलवायला क्रेन लागते, खालच्या फरशीला भार पेलेल का हे आधी तपासावं लागतं, विमा उतरवावा लागतो. म्हणून एखाद्या शिल्पकाराचं सगळं काम एका छताखाली येण्याचा योग फार क्वचित येतो. प्रदर्शन उठलं, खोकी भरली, ट्रक गेले की मागे एकच गोष्ट राहते, ती म्हणजे कॅटलॉग. पुढच्या पिढीसाठी तेच प्रदर्शन.

शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांचं उदाहरण घ्या. १८९६ साली जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेला निघालेली नऊवारीतली तरुणी, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये. हे शिल्प मुंबईत होतं आणि रवींद्रनाथ ठाकूर बंगालात. त्यांनी त्याची छायाचित्रं पाहिली आणि त्यावर बंगालीत एक अख्खा लेख लिहिला. एका मराठी विद्यार्थ्याचं काम देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कवीपर्यंत पोचलं ते कागदावरून. कागदाची ताकद एवढी असते, म्हणून त्या कागदावर काय छापायचं याची जबाबदारीही तेवढीच मोठी.

ही जबाबदारी मी स्वतः एकदा पाळली नाही, ते इथे सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी एका संग्रहालयातल्या शिल्पप्रदर्शनाचा कॅटलॉग मी लिहिला. प्रत्येक शिल्पाचा एकेक फोटो, समोरून. शेजारी उंची, साल आणि माध्यम. प्रदर्शन बघायला भोसरीच्या एका फाउंड्रीतले पॅटर्नमेकर आले होते. एका अर्धपुतळ्याभोवती ते दोनदा फिरले, खाली वाकून त्याची कड पाहिली आणि मला म्हणाले, “साहेब, तुम्ही ब्राँझ लिहिलंय. हे ब्राँझ नाही, फायबर आहे, वरून ब्राँझची पूड. ब्राँझ असतं तर हा लाकडी चौथरा असा मोकळा उभा राहिला नसता.” मी नोंदवहीत जे लिहिलेलं होतं तेच उतरवून काढलं होतं. पुतळा एकदाही मागून पाहिला नव्हता. तो कॅटलॉग आजही ग्रंथालयांत आहे, आणि ‘ब्राँझ’ हा शब्दही तिथेच आहे. त्या दिवसापासून मी कुठल्याही शिल्पाकडे आधी मागून जातो.

आता विनायक पांडुरंग करमरकरांकडे येतो. त्यांच्यावर थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी शिल्पकारांत माझं मन सर्वांत जास्त त्यांच्यापाशी आहे. जन्म १८९१, अलिबागजवळच्या सासवण्यात. गावातल्या मुलाने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्डनी पाहिलं आणि त्यांच्या मदतीने तो मुलगा जे. जे. स्कूलमध्ये गेला. पुढे कलकत्ता, मग लंडन. आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही आहे. मुंबईत तो एकसंध ओतला गेला अशी त्याची ख्याती.

‘एकसंध ओतला’ हे दोन शब्द आपण लेखामागून लेखात वाचतो आणि पुढे जातो. इथला मोल्डर पुढे जाणार नाही. तो विचारेल, धातू खालून सोडला की वरून? धातू आत नेणारा रनर कुठून काढला, आकसणाऱ्या धातूला भर देणारे रायझर किती ठेवले? घोड्याच्या पोटातला कोअर, म्हणजे पोकळी राखणारा गाभा, कशावर तोलला? गाभा तोलणारे चॅपलेट वापरले असतील तर त्यांच्या खुणा कुठे बुजवल्या? सगळा भार घोड्याच्या पायांवर, मग पायांतली जाडी किती? रसिकाला हे प्रश्न रुक्ष वाटतील. मला ते रुक्ष वाटत नाहीत. घोड्याच्या मानेला जो ताण दिसतो, महाराजांच्या बैठकीत जो निश्चय दिसतो, तो पातळ आणि तापलेल्या धातूच्या रूपाने एका दिवशी एका साच्यात उतरला. त्या दिवशी भट्टीपाशी कोण उभे होते, त्यांची नावं शिल्पकाराच्या नावाखाली छापलेली मला पाहायची आहेत. नाटकाच्या जाहिरातीत आपण प्रकाशयोजनाकाराचं नाव छापतो, नेपथ्यकाराचं छापतो. ओतणाऱ्याचं का नको?

सासवण्याला करमरकरांच्या घरात त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. मांडव्याला बोटीतून उतरलं की अलिबागच्या वाटेवरच हे गाव लागतं. हे घर माझ्या मते महाराष्ट्रातलं सर्वांत महत्त्वाचं शिल्पसंग्रहालय आहे, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणतो. संगमरवर परवडतो श्रीमंतांना, ब्राँझ परवडतं संस्थानांना. करमरकरांनी सिमेंट हातात घेतलं. अंगणातली म्हैस पाहा. खरी समजून माणूस क्षणभर थबकतो. कोळणी, गावकरी, जनावरं हे सगळं त्यांनी बांधकामाच्या साहित्यात घडवलं. अशा कामांत सिमेंटच्या आत लोखंडी सळई असते. खारी हवा आत शिरली की सळई गंजते, फुगते, आणि वरच्या सिमेंटला तडा जातो. म्हणून अशा शिल्पांची आजची अवस्था इंचाइंचाने नोंदवून ठेवायला हवी. तडा कुठे आहे, केवढा आहे, कोणत्या वर्षी मोजला. पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला ती नोंद डॉक्टरच्या केसपेपरसारखी उपयोगी पडेल.

कलाकृती कोणती आणि कारखान्यातला माल कोणता, हा प्रश्न एकदा अमेरिकेतल्या न्यायालयात गेला होता. शिल्पकार ब्रांकुसीचं ‘बर्ड इन स्पेस’ १९२६ साली प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला पोचलं. लांब, निमुळता, चकचकीत धातू. कस्टमवाल्यांनी त्याला शिल्प मानायला नकार दिला, स्वयंपाकाच्या आणि इस्पितळाच्या सामानाच्या यादीत टाकलं आणि ४० टक्के जकात लावली. खटल्यात हेही विचारलं गेलं की एखादा कुशल मेकॅनिक हे करू शकला नसता का? १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यात करमरकरांचा पुतळा उभा राहिला.

आणि या पक्ष्याचं आपल्याशी नातं आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ब्रांकुसीचे असे तीन पक्षी घेतले होते, एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. १९३८ च्या सुरुवातीला ब्रांकुसी स्वतः इंदुरात होता. मंदिर झालं नाही. संगमरवरी जोडी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहे आणि ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेनाला. एका मराठी राजघराण्याच्या संग्रहातली ही शिल्पं आज आपल्यापैकी बहुतेकांना फक्त परदेशी कॅटलॉगांत भेटतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्या कॅटलॉगांचे मी आभारही मानतो. कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी त्यांनी टिकवली म्हणून निदान पत्ता तरी सापडतो.

साच्याच्या कामात आणखी एक अडचण असते. साचा शिल्लक असला की शिल्पकार गेल्यावरही ओतता येतं. फ्रेंच शिल्पकार रोदँ १९१७ साली गेला, आणि त्याचं ‘गेट्स ऑफ हेल’ ब्राँझमध्ये ओतलं गेलं ते त्यानंतर. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा तर त्या दाराची नव्याने ओतलेली प्रत ठेवली होती, आणि मूळ कशाला म्हणायचं यावर विद्वानांत जोरदार वाद झाला. फ्रान्सने नियमच केला आहे, बारा प्रतींपर्यंत मूळ म्हणायच्या, आठ क्रमांकाच्या आणि चार शिल्पकाराच्या. आपल्याकडे प्लास्टरवरून मागाहून ओतलेल्या पुतळ्याखाली शिल्पकाराचं नाव येतं आणि प्लास्टरचं साल येतं. ओतल्याचं साल येत नाही. इथल्या कारखान्यातला साधा कास्टिंगचा नग घ्या, त्यावर बहुधा हीट नंबर असतो, म्हणजे तो कोणत्या वितळीतला हे सांगणारा क्रमांक. मोटारीच्या सुट्या भागाची जेवढी नोंद आपण ठेवतो तेवढी तरी शिल्पाची ठेवू या.

सदानंद बाकऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत शिल्पकार ते एकटे. १९४९ साली ग्रुपचं प्रदर्शन मुंबईत झालं, त्याच्या कॅटलॉगमध्ये ग्रुपमधल्या चित्रकार सूझाने भूमिका लिहिली, आणि आज त्या ग्रुपचा इतिहास लिहिताना सगळे त्या भूमिकेकडेच वळतात. बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले, १९७५ मध्ये परतले आणि दापोलीजवळ मुरूड-हर्णैला राहिले. २००७ साली ते गेले. बत्तीस वर्षं! हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला आपल्यातले कितीजण जाऊन आले असतील. तिथून जवळच भारतीय आधुनिक शिल्पाचा एक साक्षीदार राहत होता, हे किती जणांना ठाऊक होतं?

शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं मोठं प्रदर्शन मात्र वेळेत झालं, अगदी काठावर. जन्म मुंबईचा, १९४९. तागाच्या दोरांना गाठी मारून त्यांनी माणसाहून उंच देवतांसारख्या आकृती उभ्या केल्या. जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांची शिल्पं गेली, आणि त्यांच्यावरचं मोठं पुस्तक मुंबईच्या प्रकाशकाने काढलं. त्या दोरखंडांची शिल्पं कुठून टांगायची, कोणता पदर पुढे घ्यायचा, हे ज्या हातांना ठाऊक होतं ते हात आता नाहीत. म्हणून मांडणीचे फोटो हाही कॅटलॉगचा गाभाच आहे.

भाषेबद्दल थोडंच बोलतो. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला चरित्रकोशाचा दृश्यकला खंड २०१३ मध्ये आला. एवढं मोठं काम मराठीत होऊ शकतं हे त्याने दाखवलं. तरीही प्रदर्शनाचा कॅटलॉग इंग्रजीत आणि मराठीत फक्त निमंत्रणपत्रिका, ही पद्धत मोडायला हवी. मराठीत शब्द नाहीत, असं म्हणतात. शाडू, साचा, ओतीव, ठोकीव, घडीव, कोरीव, मेणसाचा, भट्टी, ओतारी, तांबट हे शब्द कुठून आले मग? आणि रायझर, कोअर, फेटलिंग (ओतलेल्या नगाची साफसफाई) हेही आता मराठीच शब्द आहेत, चाकणच्या शॉपफ्लोअरवर दिवसभर बोलले जातात.

म्हणून माझी विनंती अशी, की यापुढे कोणत्याही शिल्पप्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी लिहिणारा एक आणि ओतकाम जाणणारा एक अशा दोघांनी मिळून शिल्प पाहावं. चारही बाजूंनी फोटो, वजन, जाडी, ओतल्याचं साल, ओतणाऱ्यांची नावं, दुरुस्त्या. शैलीवरचा निबंध त्यानंतर.

उद्या पहाटे सहाला इथून सासवण्याला गाडी निघते आहे. खोपोली, पेणवरून जायचं. परवानगी रीतसर घेतलेली आहे. मोजपट्टी, विजेरी आणि वही प्रत्येकाने आणावी. फाउंड्रीतल्या मित्रांनी पुढच्या बाकांवर बसावं, वाटेत मला त्यांना बरंच विचारायचं आहे. पोचल्यावर अंगणातल्या म्हशीपासून सुरुवात करू. आधी मागून.