कार्बोरेटरची चौकशी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत गीता, ज्ञानेश्वरी, इतिहास यांच्या पंक्तीला कार्बोरेटर बसलेला पाहून काहींना हसू आले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा पेट्रोलवर धावणारी मोटारसायकल जन्मालाच यायची होती. पण पाली, नागोठणे, धाटाव, खोपोली या टापूत ज्यांचे पोट कारखान्याच्या पाळीवर आहे, त्यांना हा विषय हलका वाटणार नाही. सकाळची एसटी चुकली आणि घरातली वीस-पंचवीस वर्षांची गाडी वाकणच्या अलीकडे बंद पडली, तर दिवसाचा रोज बुडतो. कंत्राटी कामगार असेल तर चार खाड्यांत कामच जाते. युनियनच्या कामात आमचा या यंत्राशी संबंध आला तो इथून.

गाडी बिघडली की पहिला संशय कार्बोरेटरवर. गॅरेजात नेताच कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवतो, आणि जमले नाही तर ‘नवा बसवा’ म्हणून मोकळा होतो. आम्ही ज्या चळवळीत वाढलो तिथे आरोपपत्राशिवाय आणि चौकशीशिवाय कोणाला कामावरून काढू देत नाहीत. तोच न्याय या पितळी-जस्ती गरिबालाही लावावा, एवढेच आमचे मागणे आहे.

चौकशीत आधी बाकीचे साक्षीदार तपासावेत. प्लग काढून ठिणगी पाहावी. हवेचा फिल्टर धुळीने बुजला आहे का ते पाहावे. आपल्या रस्त्यांच्या कामांनी याबाबतीत उणीव ठेवलेली नाही. गाडी दहा मिनिटे नीट चालून मरत असेल आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. सूं असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे बारीक भोक बुजले आहे, असे खुशाल समजावे. हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. एका टाचणीचे काम. पण त्यापायी कार्बोरेटर बदललेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आता खुद्द आरोपीकडे वळू. हवा अरुंद गळ्यातून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. दानिएल बेर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेग आणि दाब यांचे हे नाते मांडले. दाब उतरला की खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या भोकातून वर ओढले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. विल्हेल्म मायबाख या जर्मन कारागिराने १८९३ साली याच तत्त्वावर तुषाराचा कार्बोरेटर केला. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो, आपल्या संडासाच्या टाकीतला गोळा सांभाळतो तशी. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे जळण्याचे प्रमाण. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काजळतो, कमी झाले तर पांढरा पडतो. चहाच्या रंगाचा तपकिरी प्लग हा समाधानाचा.

खरी गंमत पुढे आहे. राजदूत, यामाहा आरएक्स १००, जुनी बुलेट यांच्या कार्बोरेटरात पेट्रोल एकाच वाटेने येत नाही. मूठ जेमतेम फिरवलेली असते तोवर मुख्य कारभार पायलट जेटचा. पाव ते पाऊण मुठीपर्यंत निडलचा. त्यापुढे मेन जेटचा. म्हणून ‘गाडी मिसिंग मारते’ एवढ्याने काही कळत नाही. किती मुठीला मारते, हे विचारावे. मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि मोकळ्या रस्त्यावर पाहावे. उभ्या गाडीत धडधडते पण पळताना ठीक असेल, तर मेन जेटला हात लावण्याचे कारण नाही. अर्ध्या मुठीला अडखळते आणि चोक थोडा ओढल्यावर सुधारते, तर पेट्रोल कमी पडते आहे. निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे निडल वर येते. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले की गुण कोणाचा हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

बाजूच्या लहान स्क्रूविषयी बराच घोटाळा आहे. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा मोजतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. इंजिनच्या बाजूला असेल तर बहुधा उलट. बाहेर काढला की पेट्रोल वाढते. यामाहावर हात बसलेला कारागीर होंडाच्या घडणीच्या गाडीवर फसतो तो इथेच. इंजिन गरम करावे, स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्यावा, दीड फेरा बाहेर काढावा आणि मग इंजिनचा सूर सर्वांत चढेल तिथे थांबावे. सूर वरखाली होत राहिला, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले रबर तडकले आहे का ते पाहावे. आणि जेट तारेने कोरू नये. त्याच्यावर कोरलेला आकडा भोकाच्या मापाशी बांधलेला असतो. भोक मोठे झाले की आकडा खोटा ठरतो.

पेट्रोलही बदलले आहे. २०१४ च्या सुमारास त्यात जेमतेम दीड टक्का इथेनॉल होते. २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. उसाला भाव मिळतो, परदेशी तेल वाचते, हे खरे. पण इथेनॉलला हवा कमी लागते, एकास नऊच. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण थोडे पातळ होते. शिवाय ते पाणी शोषते आणि जुने रबर फुगवते. आपल्या कोकणच्या दमट हवेत ही किंमत कोण देतो? नवी गाडी घेणे परवडत नाही तो.

१ एप्रिल २०२० च्या नव्या प्रदूषण नियमांनंतर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. धूर कमी झाला, त्याचे आम्हाला दुःख नाही. पण गॅरेजातल्या ज्या पोराने कानाने सूर ओळखायची विद्या कमावली, त्याच्या हाती आता संगणकाची वायर हवी, आणि ती शिकवायला कोणी तालुक्याच्या गावी येत नाही. मालक शिकवत नाही, कंपनी आपल्या डीलरपलीकडे पाहत नाही. ही मागणी आम्ही मांडत आलो आहोत, मांडत राहू.

पावसाळा तोंडावर आहे. गाडी पडवीत उभी करून ठेवणार असाल, तर पेट्रोल कॉक बंद करून वाटीच्या तळचा छोटा स्क्रू सैल करावा आणि पेट्रोल बाटलीत काढून घ्यावे. जवळ विडी नको. तो स्क्रू कुठे असतो हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर मंडपाच्या मागे यावे. दोन गाड्या उघडून ठेवल्या आहेत.