गाणं आपलं, नाव कुणाचं?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी रॉक बँडमध्ये गिटार वाजवते, गाते आणि गाणी लिहिते. रॉक म्हटलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या डोळ्यांपुढे लांब केसांचे, आरडाओरडा करणारे पुरुष येत असतील. हे संगीत आपलं नव्हेच, असंही वाटत असेल. म्हणून आधी दोन बायकांविषयी सांगते.

सिस्टर रोझेटा थार्प ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई. १९४०च्या दशकात विजेवरची गिटार गळ्यात अडकवून ती देवाची गाणी अशी काही वाजवायची की पुढे रॉकचे राजे ठरलेले पुरुष तिच्याकडूनच शिकले. ती १९७३ साली वारली. रॉकच्या मानकऱ्यांच्या यादीत, म्हणजे 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये तिचं नाव आलं २०१८ साली. मध्ये ४५ वर्षं गेली!

दुसरी बिग मामा थॉर्नटन. 'बॉल अँड चेन' हे गाणं तिनं लिहिलं. जॅनिस जॉप्लिननं ते १९६७ साली माँटरेच्या महोत्सवात गायलं आणि ते जगभर गाजलं. पण गाण्याचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे अडकलेले. लिहिणारीच्या पदरात त्या हक्कांचे पैसे पडले नाहीत.

हे दूरदेशीचं वाटतं का? आपल्या जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बहिणाबाई चौधरी घरकाम-शेतकाम करता करता गाणी रचत. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. मुलानं ती जपली म्हणून आली. ज्यांच्या ओव्या कुणी टिपल्या नाहीत, अशा किती जणी असतील?

मला विचारतात, गाणं सुचतं कधी? कामं उरकताना सुचतं. लोकलमध्ये ओळ सुचली तर फोनमध्ये गुणगुणून ठेवते. कुकरच्या शिट्ट्या मोजताना ठेका सापडतो. चार तास सलग बसायला मिळतील तेव्हा लिहीन म्हटलं असतं, तर एकही गाणं झालं नसतं. बाईला सलग वेळ कोण देतो?

रॉकच्या गाण्यांत बाई पुष्कळदा विषय असते. तिचे डोळे, तिची चाल, तिनं केलेला दगा. बाई स्वतः लिहायला लागली की विषय बदलतो. दुकानात दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांवर मी गाणं केलंय. आणि मी ओरडून गाते. घरात बाईचा आवाज चढला की तिला कजाग म्हणतात. मंचावर तोच आवाज हजार माणसं उभी राहून ऐकतात. हे सुख मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पण मंचामागची गोष्टही ऐका. गिटार माझ्या गळ्यात असते आणि ध्वनिव्यवस्थेवाला विचारतो, "गिटार कोण वाजवणार?" कितीतरी ठिकाणी बायकांसाठी संडास नसतो, म्हणून दुपारपासून पाणी पिणं बंद. मानधनाचं पाकीट ड्रमरच्या हातात. कार्यक्रम मध्यरात्री संपतो. घरी कसं जायचं ते आमचं आम्ही पाहायचं.

आणि हे तरी थोडं. २०१३ साली काश्मीरमध्ये 'प्रगाश' या शाळकरी मुलींच्या बँडविरुद्ध धमक्या आल्या, धर्मगुरूनं फतवा काढला. तिघींनी बँड बंद केला. त्यांचं पहिलं जाहीर वादन होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

हक्कांबाबत एक चांगली गोष्ट आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. कंपनीनं कागदावर सही घेतली तरी तो हक्क तिच्या नावे होत नाही. तो फक्त वारसांना किंवा गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेला देता येतो. पण हक्क मागायचा तर गाणं आपलं आहे हे दाखवता यायला हवं. म्हणून आमच्या बँडमध्ये प्रत्येक गाण्याखाली आम्ही शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख कोणती हे लिहून सह्या करतो.

आता थोडं तुमच्याशी भांडते. आपल्या शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका उघडून पाहा. किती गाण्यांखाली नाव आहे? गाणं सर्वांचं आहे, हे मला मान्य. ते सर्वांनी गावं म्हणूनच लिहिलेलं असतं. पण सर्वांचं म्हणताना लिहिणारी पुसली जाते आणि पुसली जाणारी बहुतेक वेळा बाईच असते. शिवाय "चळवळीचं काम आहे, पैसे कसले?" हेही मला पुष्कळदा ऐकावं लागतं. मंडपवाल्याला मात्र आपण पैसे देतो!

पुढची पुस्तिका छापाल तेव्हा प्रत्येक गाण्याखाली नाव घाला. ठाऊक नसेल तर जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. त्यातल्या पुष्कळ जणी अजून सांगायला आहेत, तोवरच हे काम होईल.